सव्वातेरा बाय सतरा

आउटबोर्ड इंजिनाचा पंखा हातात आला की आधी बुंध्यावर कोरलेले आकडे शोधायचे. त्यावर रंगाचे दोन-तीन थर असतात, खोबणीत मीठ बसलेलं असतं; अंगठ्याने घासलं की हळूहळू दिसू लागतं, 13¼ × 17. पहिला आकडा व्यासाचा, दुसरा पिचचा, दोन्ही इंचांत. सतरा-अठरा फुटी फायबरच्या बोटीवर, 115 अश्वशक्तीच्या इंजिनाला बसणारा हा अगदी सर्वसाधारण पंखा: अॅल्युमिनियमचा, तीन पात्यांचा, काळा. बोट विकत घेणारा माणूस इंजिनाचं झाकण उघडून आत डोकावतो, सीटच्या रेक्झिनवरून हात फिरवतो, स्पीकर वाजवून बघतो. इंजिनाची सगळी ताकद ज्या तीन पात्यांतून पाण्यात उतरते, त्यांच्याकडे त्याचं लक्ष जातं ते बहुधा ती वाकल्यावर.

मला मात्र बोटीवरची हीच वस्तू पुन्हा पुन्हा बघावीशी वाटते. इंजिनाची करामत झाकणाखाली असते, आजकाल तर निम्मी कॉम्प्युटरच्या डबीत असते. पंख्याचं सगळं उघड्यावर. जे काही आहे ते आकारात आहे, आणि आकार डोळ्यांना दिसतो, बोटांना कळतो.

सतरा हा आकडा म्हणजे एक वचन आहे. पाणी लाकडाइतकं घट्ट असतं तर हा पंखा एका फेऱ्यात 17 इंच, म्हणजे 43 सेंटिमीटरच्या थोडा वर, पुढे सरकला असता. हिशेब करून बघू. पूर्ण थ्रॉटलला इंजिन मिनिटाला 5800 फेरे घेतंय. खालच्या गिअरमध्ये ते 2.07 ला 1 या प्रमाणात उतरतात, म्हणजे पंखा फिरतो सुमारे 2800 फेऱ्यांनी. वचनाप्रमाणे बोट ताशी 72 किलोमीटरच्या वर जायला हवी. जीपीएस दाखवतं 64. मधले बाराएक टक्के गेले कुठे?

याला स्लिप म्हणतात, आणि नवख्या माणसाला ती चोरी वाटते. तो विकणाऱ्याशी भांडतो, पंखा बदलतो, स्लिप शून्यावर आणायच्या मागे लागतो. पण पातं पाण्याला ढकलतं ते त्या फरकाच्या जोरावर. पातं पाण्याला थोडं तिरकं भिडतं, त्याच्या एका अंगाला दाब वाढतो, दुसऱ्या अंगाला घटतो, आणि त्यातून रेटा तयार होतो. पंखा वचनाइतकाच पुढे गेला तर हा भिडण्याचा कोन जवळजवळ संपतो, आणि कोन संपला की रेटाही संपतो. उलट, बोट जेट्टीला बांधून इंजिन फिरवलं तर स्लिप शंभर टक्के असते आणि दोर तुटायची वेळ येते. एखाद्याच्या हिशेबात स्लिप उणे येते, म्हणजे बोट वचनापेक्षा जास्त पळते. तेव्हा आनंदून जायचं कारण नाही. आरपीएमचा काटा खोटा बोलत असतो, नाहीतर पंख्यावर 17 कोरलेलं असलं तरी पात्याचा खरा पिच वेगळा असतो. तसंही बऱ्याच पात्यांचा पिच पुढच्या कडेला कमी आणि मागच्या कडेला जास्त ठेवलेला असतो. कोरलेला आकडा ही त्याची सरासरी.

आता पंखा टेबलावर ठेवून एका पात्याकडे बाजूने पाहावं. बुंध्याशी पातं चांगलंच उभं आहे, 50 अंशांच्या आसपास. मध्यावरून पुढे जाता जाता ते कलत जातं, त्रिज्येच्या सात-दशांशावर 30 अंशांना येतं आणि टोकाला जेमतेम 22 अंश उरतात. या पिळावर मी फिदा आहे. एका फेऱ्यात बुंधा लहान वर्तुळ काढतो आणि टोक मोठं, पण पुढे दोघांनाही सतराच इंच जायचंय. बुंध्यापाशी चौदा इंचांच्या घेरात सतरा इंच चढायचं म्हणजे चढ उभा होणारच. टोकाला जवळपास 42 इंचांचा घेर मिळतो, तिथे तीच चढण सैलावते. हिशेब एकच, पण तो ओतीव धातूत उतरला की असा डौलदार वळतो. आणि डौलाच्या आड वेग किती आहे ते बघा: बोट 64 किलोमीटरने पळत असताना पात्याचं टोक पाण्यातून ताशी 175 किलोमीटरच्या वर फिरत असतं.

पातं इतकं आखूड का, हा प्रश्न आज कुणी विचारत नाही. 1836 मध्ये तो खरा प्रश्न होता. फ्रान्सिस पेटिट स्मिथ या इंग्लिश शेतकऱ्याने, मेंढ्या पाळता पाळता, बोटीला मळसूत्र लावायचं पेटंट घेतलं. स्मिथचं मळसूत्र लाकडी होतं, लांबलचक, पूर्ण दोन वेढ्यांचं. वेढे जितके जास्त तितकी पाण्यातली पकड जास्त, असं त्याला वाटे, आणि लाकडात स्क्रू पिळणाऱ्या कुणालाही तसंच वाटलं असतं. 1837 मध्ये पॅडिंग्टनच्या कालव्यात चाचणी चालू असताना ते कशावर तरी आपटलं आणि त्याचा निम्मा भाग तुटून पडला. बोट थांबायच्या ऐवजी जोरात पळायला लागली. मागचा वेढा पुढच्याने ढवळलेल्या पाण्यात नुसता घासत होता, काम काहीच करत नव्हता. पुढचे सगळे पंखे त्या मोडतोडीतून शहाणे झाले आहेत. आपल्या हातातल्या पात्यांत मळसूत्राचे जेमतेम तुकडे उरलेत, आणि तेवढ्यानेच भागतं.

एप्रिल 1845 मध्ये ब्रिटिश नौदलाने मळसूत्राचं ‘रॅटलर’ आणि बाजूला मोठी चाकं असलेलं ‘अलेक्टो’ ही जहाजं शेपटीला शेपूट बांधून एकमेकांविरुद्ध ओढायला लावली. रॅटलरने अलेक्टोला उलटं फरफटत नेलं. खरं तर तोवर नौदलाने स्क्रूची जहाजं मागवलेलीच होती. ही रस्सीखेच बघ्यांसाठीच जास्त. पण कसोटी निवडली होती ती मोठी मार्मिक. शर्यत लावण्यापेक्षा ओढायला लावल्यावर पंख्याचा स्वभाव जास्त कळतो. सर्वाधिक वेग हा मला पंख्याचा सगळ्यात उथळ गुण वाटतो. तो मोजायला सोपा, सांगायला सोपा, म्हणून सगळे त्याच्याविषयी बोलतात. दिवसभरात पूर्ण थ्रॉटल किती मिनिटं असतो? बोट पाण्यात बुडून चालायचं सोडून पाण्याच्या पाठीवर चढायला किती वेळ घेते, चढल्यावर थ्रॉटल कमी केला तर किती वेगापर्यंत वर टिकते, वळणावर पकड सोडते का, हे खरे प्रश्न. आणि त्यांची उत्तरं आकड्यात कोरलेली नसतात.

त्यासाठी पात्याची मागची कड नखाने चाचपावी. सपाट वाटणारी कड शेवटच्या काही मिलिमीटरांत किंचित आत वळलेली लागते. हा कप. निघून चाललेल्या पाण्याला पातं शेवटच्या क्षणी एक हिसका देतं तो इथे. एवढ्याशा वळणाने पंखा अर्धा ते एक इंच जास्त पिच असल्यासारखा वागतो, इंजिनाचे दीडशे-दोनशे फेरे खाली येतात, आणि पंखा पृष्ठभागाजवळ आला तरी पकड चटकन सुटत नाही. पंखे दुरुस्त करणारे जाणते कारागीर तिन्ही पाती एकेक करून साच्यावर बसवून बघतात. ओतकामात तिन्ही सारखी उतरतातच असं नाही, एखादं अर्धा इंच पिच कमी घेऊन जन्माला येतं. मग ठोकून, घासून त्यांना एका सुरात आणतात. त्यानंतर तोच पंखा त्याच बोटीवर लावला की हँडलमधली थरथर गेलेली असते. असा पंखा बाहेरून बघून ओळखता येत नाही, हे त्या कारागिराचं कसब.

तरीही पंखा चांगला की वाईट, असं त्याला सुटं धरून म्हणता येत नाही. तो कुठल्या बोटीवर, किती वजनासकट, हे आधी सांगावं लागतं. इंजिनवाले एक पट्टा ठरवून देतात: पूर्ण थ्रॉटलला, समजा, 5000 ते 6000. पंखा बसवल्यावर इंजिन या पट्ट्यात कुठे पोचतं ते बघायचं. पिच एक इंच वाढवला की साधारण दीडशे ते दोनशे फेरे कमी होतात, घटवला की तेवढे वाढतात. एकोणीसचा पंखा लावून पट्ट्याच्या तळाशी, 5200 वर अडकलेली बोट एकटा माणूस असताना छान पळते. पण घरची सहा माणसं, डबे, बर्फाची पेटी, भरलेली टाकी घेऊन निघाली की तिची अवस्था पाचव्या गिअरमध्ये घाट चढणाऱ्या एसटीसारखी होते. इंजिन धापा टाकतं, काजळी धरतं, सिलिंडरमधला ताण वाढत राहतो, आणि काट्यावर आकडा कमी दिसतो म्हणून मालकाला वाटतं इंजिन आरामात चाललंय. इंजिन जास्त फिरवण्यापेक्षा कमी फिरवण्याने लवकर मरतं हे लोकांना पटवणं फार अवघड. माझा कौल कायम पट्ट्याच्या वरच्या तिसऱ्या हिश्श्याला. नेहमीचं वजन घेऊन 5700-5800 दिसले की तो पंखा त्या बोटीचा. मर्यादा ओलांडून 6200-6300 वर गेला तर पिच कमी पडतोय. आणि मोजणी करायची तर भरती-ओहोटीचं भान हवं. खाडीत एकाच दिशेने धावून काढलेला वेग बोटीचा नसतो, त्यात पाण्याचा हिस्सा असतो. जाऊन-येऊन सरासरी काढायची.

इंजिन आणि पंख्याचं हे नातं किती नाजूक आहे ते उंचीवर गेलं की कळतं. सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागराच्या परिसरात राहणारे कितीतरी मराठी लोक उन्हाळ्यात टाहो सरोवरावर जातात. त्यांच्यापैकी कुणी आपली बोट ट्रेलरवर घालून सोबत नेली, तर ती तिथे आजारी पडल्यासारखी वागेल. टाहोचं पाणी समुद्रसपाटीपासून 1,890 मीटरच्या वर आहे. हवा विरळ, इंजिनाची ताकद दर हजार फुटांना तीनेक टक्क्यांनी उतरते, म्हणजे तिथे 18-19 टक्के गेलेली. पाणी मात्र तितकंच जड. घेणारा अशक्त झाला, ओझं तेच राहिलं. मेकॅनिककडे जायची गरज नसते. सतराचा पंखा काढून पंधराचा किंवा चौदाचा लावला की बोट पुन्हा माणसात येते.

पावसाळ्यात कोकण किनाऱ्यावर पंखे बघायची फार सोय असते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद, नौका वर ओढून, शाकारून ठेवलेल्या, आणि एरवी पाण्याखाली असलेलं सगळं डोळ्यांच्या पातळीवर आलेलं. ट्रॉलरचा पंखा पितळी वर्णाचा, रुंद पात्यांचा, अवजड. व्यास मोठा, पिच त्या मानाने कमी, कारण त्याला दोन-तीन नॉटनी जाळं ओढत तासन्‌तास चालायचंय. त्याच्याशेजारी आउटबोर्डचा काळा पंखा ठेवला तर पोरगेलासा दिसतो. दोघांनी एकमेकांचं काम केलं तर दोघंही नापास होतील.

पण मी थांबतो ते जखमा बघायला. वापरलेलं पातं म्हणजे चालवणाऱ्याची रोजनिशी असते. पुढची कड सगळीकडून सारखी बोथट, रंग उडून धातू चकचकीत झालेला: हा माणूस खाडीच्या तोंडावरच्या वाळूतून, पाणी पुरेसं नसताना, थ्रॉटल न उतरवता जातो. एकाच पात्याचं टोक दुमडलेलं: खडक, एकदाच, आणि तोही कमी वेगात. पंखा उतरवल्यावर शाफ्टभोवती नायलॉनच्या दोऱ्याचं वितळून घट्ट झालेलं वेटोळं: जाळ्याचा तुकडा, आणि आता मागच्या सीलमधून तेल गळत असणार.

यांतली सगळ्यात विलक्षण जखम वेगळीच असते. पुढच्या कडेला लहानशी खाच, आणि तिच्या बरोबर मागे, पात्याच्या पाठीवर, रुपयाएवढा भाग वाळवीने पोखरल्यासारखा खडबडीत. तिथे काहीही आपटलेलं नसतं. खाचेमुळे पाण्याचा प्रवाह फाटतो, दाब इतका खाली जातो की पाणी थंड असतानाच उकळतं, वाफेचे बुडबुडे होतात, आणि पुढे दाब वाढला की ते धातूला चिकटूनच फुटतात. प्रत्येक फुटण्याने धातूचा कण उडतो. चार्ल्स पार्सन्सला या बुडबुड्यांनी घाम फोडला होता. 1894 मध्ये त्याने ‘टर्बिनिया’ पाण्यात उतरवली, वाफेच्या टर्बाइनवर चालणारी पहिली नौका. टर्बाइन इतकं वेगाने फिरे की एकुलत्या पंख्याभोवती पाण्याऐवजी वाफेची पोकळी तयार व्हायची, आणि नौका 20 नॉटच्या आत रेंगाळायची. त्याने एका बंदिस्त नळीत पाणी फिरवून, त्यात चिमुकला पंखा लावून, लुकलुकत्या प्रकाशात ते बुडबुडे बघितले. मग एका शाफ्टच्या जागी तीन शाफ्ट, प्रत्येकावर तीन असे नऊ पंखे लावले. 1897 मध्ये व्हिक्टोरिया राणीच्या हीरकमहोत्सवी नौदल संचलनात हीच टर्बिनिया स्पिटहेडला 34 नॉटच्या आसपास वेगाने युद्धनौकांच्या रांगांमधून पळाली, आणि तिला पकडायला निघालेल्या गस्ती बोटी मागे पडल्या. तोच बुडबुडा आपल्या पंख्यावर एका खाचेमागे मुक्काम ठोकून असतो. इलाज मात्र सोपा: कानशीने खाच घासून कड पूर्ववत गोल करायची.

वळणावर इंजिन एकदम किंचाळतं आणि बोट मात्र मंदावते, तेव्हा बरेचजण याच बुडबुड्यांना बोल लावतात. तिथला गुन्हेगार बहुतेक वेळा दुसरा असतो. पृष्ठभागावरची हवा किंवा इंजिनाचा धूर पात्यांत ओढला गेलेला असतो, आणि हवेत पात्याला धरायला काही नसतं. यावर पंखा बदलायच्या आधी इंजिनाची उंची बघावी. पंख्याच्या वर जी आडवी पट्टी असते ती साधारण बोटीच्या बुडाच्या रेषेत हवी. मागच्या फळीवर बोल्टची भोकं पाऊण-पाऊण इंचावर असतात. एक भोक वर घेतलं की पाण्यात घासणारा इंजिनाचा पाय कमी होतो, वेग थोडा मिळतो. दोन भोकं वर घेतली की वळणावर पकड जाते, कधी थंड करायचं पाणीही इंजिनाला पुरेसं मिळत नाही. सुखाची जागा या दोन्हींच्या मध्ये कुठेतरी, आणि ती पान्याने शोधावी लागते.

वर घेण्याची हद्द कुठवर जाऊ शकते ते सिअॅटलच्या लेक वॉशिंग्टनवर 26 जून 1950 रोजी दिसलं. स्टॅन्ली सेअर्सची ‘स्लो-मो-शन फोर’ ताशी 160.323 मैल, म्हणजे 258 किलोमीटर वेगाने गेली. त्याआधीचा, माल्कम कॅम्पबेलचा 1939 चा विक्रम 141 मैलांचा होता. टेड जोन्सच्या या आराखड्यात वेग घेतल्यावर पंखा मुद्दाम अर्धा पाण्याबाहेर येई. बोट दोन बाजूंच्या फुगवट्यांवर आणि मागे त्या अर्ध्या पंख्यावर तरंगत पळायची. हवा ओढली जाऊ नये म्हणून सगळे धडपडतात. इथे निम्मं पातं उघड उघड हवेतच फिरत होतं. त्यासाठी पाती मात्र तशी घडवावी लागतात. आपल्या अॅल्युमिनियमच्या पंख्यावर हा प्रयोग करू नये.

चार पात्यांच्या पंख्याचं मला अलीकडे जास्त कौतुक वाटतं. वरचा वेग दोन-तीन किलोमीटर कमी, पण पकड घट्ट, थरथर कमी, आणि ओझं असताना बोट लवकर पाण्यावर चढते. तारकर्लीला पॅरासेलिंगची बोट दोरावर माणूस आणि वर फुगलेलं पॅराशूट घेऊन खेचत असते. तिला 60 किलोमीटर वेगाचं काय करायचंय? तिला कमी पिचची, न सुटणारी पाती हवीत. पात्यांचा मागे झुकलेला कल, ज्याला रेक म्हणतात, वाढवला की बोटीचं नाक वर उचललं जातं. हलक्या, लांब बोटीला त्याने पंख फुटतात. आखूड, मागे वजन असलेल्या बोटीला त्याने उलट उड्या मारायचा रोग लागतो. तिथे आधी पेट्रोलची टाकी किंवा बॅटरी पुढे सरकवून बघावी. ते फुकटात होतं.

स्टेनलेस घ्यावं का, हे हमखास विचारलं जातं. पातळ तरीही ताठ पाती, जोर लावल्यावर न वाकणारी कड, टिकाऊपणा: स्टेनलेसची पाती बघायलाच देखणी असतात, हातात घेतल्यावर जड मखमल लागते. खोल, स्वच्छ पाण्यात मी तेच घेईन. आपल्या खाड्यांत, जिथे काल नसलेला वाळूचा पट्टा आज असतो, तिथे मला अॅल्युमिनियमच बरं. ते वाकतं, आणि स्वतः वाकून गिअरला सोडवतं.

या पंख्यात शेवटी एक लपलेली गोष्ट उरते. बुंध्याच्या आत धातूच्या दोन नळ्यांमध्ये रबराचं जाड बूश दाबून बसवलेलं असतं. पातं खडकावर आदळलं की हे रबर जागच्या जागी घसरतं आणि धक्का शाफ्टपर्यंत जाऊ देत नाही. काही घसरण्यांनंतर त्याची पकड कायमची ढिली होते. मग हळू चालवताना सगळं ठीक, आणि थ्रॉटल वाढवला की आरपीएम चढतात, बोट हलत नाही. लक्षणं हुबेहूब कमी पिचच्या पंख्यासारखी, म्हणून लोक नवा पंखा घेऊन मोकळे होतात. त्याआधी तैलरंगाने बुंध्याच्या आतल्या आणि बाहेरच्या नळीवर मिळून एक सरळ रेघ मारावी, बोट पूर्ण थ्रॉटलला नेऊन आणावी आणि पंखा पुन्हा बघावा. रेघ तुटून दोन ठिकाणी गेलेली दिसली तर सतराचा एकोणीस करण्याची चर्चा तिथेच थांबवायची आणि बूश बदलून घ्यायचं.